ऊसदराचा नियम कोण करतो?



मानोरा भागात प्लॉट पाहायला गेलो की आम्हाला एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, दर ठरवताना आम्हाला कोण विचारतं?" उत्तर नीट समजून घेऊ.

केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार किमान दर बांधलेला असतो. २००९ पासून त्याला एफआरपी म्हणतात. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. हे घराचे जोते.

वरच्या वाटणीसाठी राज्याचा २०१३ चा ऊसदर कायदा आहे. त्यातील मंडळात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली अधिकारी, कारखानदार आणि शेतकरी प्रतिनिधी एकाच टेबलाशी बसतात. साखर व प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के, किंवा नुसती साखर धरली तर ७५ टक्के वाटा उसाचा.

बोलणी कितीही होवोत, जोते हलत नाही. २०२२ मध्ये राज्याने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला. आपल्या अमरावती विभागाला पहिला हप्ता साडेनऊ टक्के उताऱ्यावर होता. प्रकरण कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

म्हणून नियमाचा मसुदा निघाला की मुदतीत लेखी हरकत द्या. वजनपावती, उतारा, तोडणी-वाहतुकीची कपात यांचे आकडे जोडा. नुसती ओरड टेबलावर टिकत नाही, आकडा टिकतो. अर्ज लिहायला गट ऑफिसात या. हरकत कारखान्याविरुद्ध असली तरी आम्ही लिहून देऊ.

— ऊस विकास विभाग