मिरचीचा पैसा आणि जुनी गाडी

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. मिरचीला भाव सापडला की घरात एकरकमी पैसा येतो आणि चारचाकीचा विषय निघतो. नवी घ्यावी की जुनी, हे मग हातातल्या रकमेवर ठरते. खरे तर ते गाडी वर्षाकाठी किती पळणार आणि जुन्या गाडीचे कागद किती स्वच्छ आहेत, यावर ठरायला हवे.

नव्या गाडीच्या शोरूम किमतीवर रस्ता कर (पेट्रोल गाडीला ११ टक्क्यांपासून पुढे), नोंदणी आणि तीन वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा चढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. त्यामुळे जुन्या गाडीचा मालक ‘आम्हाला एवढ्याला पडली’ म्हणून जुने बिल पुढे करतो, तेव्हा तुलना त्या बिलाशी न करता त्याच मॉडेलच्या आजच्या ऑन-रोड किमतीशी करावी. विम्याच्या घसारा तक्त्यात गाडीची किंमत पहिल्या वर्षाअखेर १५ टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्क्यांनी घटलेली धरतात. बाजारभाव याहून थोडा चढा असतो, तरी मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. म्हणून तीन ते पाच वर्षांची गाडी सर्वांत परवडते.

लग्नकार्य, दवाखाना, तालुक्याची कामे एवढाच वापर असेल तर जुनी पुरे. रोज जालन्याला ये-जा असेल तर वॉरंटीतली नवी बरी. डिझेलचा मोह मात्र जपून करावा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारे फिल्टर असते. गाव ते शेत अशा तुटक, संथ फेऱ्यांत ते तुंबते आणि त्याचा खर्च जिव्हारी लागतो.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधी तापवून ठेवू नका, असे बजावून जावे. थंड इंजिनच खरे बोलते. टायरच्या कडेला चार अंक असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार किलोमीटर दाखवत असेल आणि गाडीच्या वयापेक्षा टायर बरेच नवे असतील, तर ते एवढ्या लवकर का बदलले, हे विचारावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या पट्ट्यावर आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. धुणारा तिथपर्यंत सहसा पोचत नाही.

इंजिनाचा दोष मेकॅनिक दाखवून देतो, कागदाचा दोष नाव बदलायला गेल्यावरच कळतो. प्रस्तुत लेखकाच्या घरी आलेल्या जुन्या गाडीचे कर्ज आधीच्या मालकाने पूर्ण फेडलेले होते, पण आरसीवर वित्तसंस्थेचे नाव तसेच होते. सातबाऱ्यावरचा बोजा सोसायटीचे पैसे भरल्याने आपोआप उतरत नाही, तसेच हे आहे. वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि तिची सही असलेला फॉर्म ३५ आरटीओत जाईपर्यंत बोजा राहतो. हे दोन्ही कागद मिळवायचे तर आधीच्या मालकाची गरज पडते, आणि पैसे हातात पडल्यावर त्याला फोन उचलायची घाई नसते. तेव्हा परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बोजा, विम्याची मुदत आणि थकलेली चलाने इसार देण्याआधीच पाहावीत. बोजा असेल तर तो उतरेपर्यंत निम्मी रक्कम हातची सोडू नये.

‘एनओसीसह स्वस्तात’ म्हणून दिल्लीकडच्या डिझेल गाड्या येतात. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीवर बंधने आली, म्हणून त्या स्वस्त. इकडे आणल्यावर महाराष्ट्राचा कर भरून नवी नोंदणी करावी लागते. तो हिशेब घातला की स्वस्ताई बरीचशी विरते.

व्यवहार ठरला की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी वर्षभर फिरवण्याची रीत सर्रास दिसते. ती विकणाऱ्याच्याच गळ्याशी येते. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

विम्याचा थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र पॉलिसी नावावर करून घेतल्याशिवाय मिळत नाही, आणि त्यासाठी विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो. त्यामुळे पॉलिसी नावावर होताना फरकाची रक्कम भरावी लागते आणि ती गाडीच्या किमतीत आधीच धरलेली बरी.