शहरातील उंची किराणा दुकाने आणि मावळचा तांदूळ

टाकवे बुद्रुक हे आंदर मावळाचे प्रवेशद्वार होय. कान्हे स्थानक व पुणे-मुंबई महामार्ग जवळ असल्यामुळे येथील इंद्रायणी तांदूळ दोन्ही शहरांत सहज पोहोचतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ व आय.आर.-८ यांच्या संकरातून निघालेला हा सुवासिक वाण १९८७ साली प्रसारित झाला. अशा मालास शहरातील उंची किराणा दुकानांत चढा भाव मिळू शकतो. परंतु चढा भाव देणारे दुकान सुस्थितीत असतेच असे नाही.

धंद्याचा अनुभव

गोदरेज समूहाने २००५ साली मुंबईत ‘नेचर्स बास्केट’ हे दुकान काढले. २०१९ मध्ये मुंबई, पुणे व बंगळूर येथील त्याची ३६ दुकाने सुमारे ३०० कोटी रुपयांस ‘स्पेन्सर्स रिटेल’ने घेतली. मालक बदलला, दुकाने टिकली. ‘फूडहॉल’ मात्र टिकले नाही. २०११ साली मुंबईत सुरू झालेली ही दुकाने फ्यूचर समूहाची होती. त्या समूहातील ‘फ्यूचर रिटेल’ कंपनीवर जुलै २०२२ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि २०२३ मध्ये ‘फूडहॉल’ची दुकाने बंद पडली.

याची कारणे समजण्यासारखी आहेत. श्रीमंत वस्तीत भाडे जबर असते. शीतपेट्यांस वीज अखंड लागते. महाग माल सावकाश खपतो व नाशवंत माल वाया जातो. याउलट २००२ साली पवईत आरंभ झालेल्या ‘डीमार्ट’ने बहुतांशी स्वतःच्या जागेत, स्वस्त दराने, भराभर खपणारा माल विकून जम बसविला. ते उंची दुकान नव्हे. तथापि धंद्याचा पाया चढ्या भावात नसून मालाच्या उलाढालीत असतो, हे त्यावरून दिसते.

उधारीचा हिशेब

समजा, गावात तांदूळ ७० रुपये किलोने जातो आणि दुकान ८० रुपये देते. पण पैसे ९० दिवसांनी. दरमहा ५०० किलो माल दिल्यास जादा प्राप्ती ५,००० रुपये होते. मात्र तीन महिन्यांचे १,२०,००० रुपये सदैव अडकून राहतात. दुकान बुडाल्यास चोवीस महिन्यांची जादा प्राप्ती एकदम जाते. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याप्रमाणे कंपनीची मालमत्ता विकली गेल्यास तारण असलेल्या बँकांचा हक्क आधी येतो. माल पुरविणाऱ्यांचा बराच मागाहून.

काय करावे

१. एकाच दुकानावर विसंबू नये. निम्म्याहून अधिक माल रोखीच्या गिऱ्हाइकांस द्यावा.

२. भाव, मुदत व परत येणाऱ्या मालाची जबाबदारी लेखी ठरवावी. प्रत्येक खेपेची पोच घ्यावी.

३. मागील देयक चुकते झाल्याखेरीज पुढील खेप पाठवू नये.

४. भात भरडून पिशव्या भरणाऱ्या गटाने ‘उद्यम’ नोंदणी करावी. निव्वळ शेती तीत बसत नाही. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकांचे पैसे, करार असला तरी, ४५ दिवसांत देणे २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वरील हिशेब भातकापणीपूर्वीच्या बैठकीत फळ्यावर मांडून दाखवावा. भाव किती, याबरोबर पैसे केव्हा, हाही प्रश्न शेतकऱ्याने विचारला पाहिजे.