वकिलाच्या ऑफिसात कोण बसतं?

भिंडकडच्या एका बाईचा पोटगीचा अर्ज फेटाळला गेला, त्याची हकिगत आधी सांगते. वकिलांच्या ऑफिसात सर्व तऱ्हेची माणसं असावीत असं मी इतक्या आग्रहानं का म्हणते, ते त्यातून कळेल.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या नई सडकेवर, मी एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर होते. ऑफिस दुकानांच्या वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. दिवस कोर्टात जायचा आणि संध्याकाळी साडेसातनंतर पक्षकार यायला लागायचे. साहेबांच्या टेबलाभोवती चार-पाच ज्युनिअर, मुन्शीजी, कधी पक्षकाराबरोबर आलेले गावचे सरपंच, सगळे पुरुष. ज्युनिअरही बहुतेक ओळखीपाळखीतले. कुणी साहेबांच्या मावसभावाचा मुलगा, कुणी शेजाऱ्यांचा भाचा. मलाही तिथं जागा मिळाली ती आजोबांच्या नावावर. ग्वाल्हेरात मराठी माणूस शिंद्यांबरोबर आला, रुजला, पण संख्येनं थोडाच राहिला. त्यामुळे ‘आपल्यातलं कुणी आहे का’ हे आधी बघायची सवय आम्हाला जडली. परमुलखात माणसं एकमेकांना धरून राहतात, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ऑफिसातली माणसंही त्याच सवयीनं निवडली जात होती.

ती बाई आली तेव्हा साहेब मला म्हणाले, “बाळ, तू आत बसून तेवढं टायपिंग तपास.” पक्षकाराशी बोलणं मुलींनी करायचं नाही, असा तिथला रिवाज. दार उघडं होतं, बोलणं ऐकू येत होतं. घर का सोडलंस, असं साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, “मारपीट करते थे.” आणखी काही? ती गप्प. बरोबर आलेल्या भावानंच उत्तर दिलं, “बस, यही बात है साहब.” अर्जात तेवढंच उतरलं.

तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १२५ खाली पोटगी मागताना नवरा कोर्टात ‘ये, नांदवतो’ म्हणाला, तर न नांदण्याला सबळ कारण आहे हे बायकोला दाखवावं लागे. नवरा तसंच म्हणाला. उलटतपासणीत चारी बाजूंनी प्रश्न आल्यावर बाई पहिल्यांदा खरं बोलली. सासरा रात्री खोलीत यायचा. समोरच्या वकिलांनी अर्ज पुढे केला आणि विचारलं, यात हे कुठे लिहिलंय? ही पश्चातबुद्धी आहे. मारहाणीचा पुरावा नव्हता, खरं कारण अर्जात नव्हतं. अर्ज गेला. कचेरीच्या व्हरांड्यात ती मला म्हणाली, “दीदी, इतने आदमियों के सामने कैसे कहती?”

साहेब कायद्यात पक्के होते, माणूस म्हणूनही सरळ. मुद्दाम कुणावर अन्याय करणारे ते नव्हते. तरीही त्या बाईला ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं, तो विचारायला योग्य माणूस त्या टेबलाशी नव्हता. पुढे मी स्वतःचं ऑफिस थाटलं, तेव्हा हे मनात पक्कं होतं. सगळे एकाच घरातून आल्यासारखे असतील, तर ऑफिसला ऐकू कमी येतं, आणि त्याची किंमत पक्षकार मोजतो.

ऑफिसात कोण बसतं, या प्रश्नाला आता दुसरी बाजूही आली आहे. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीशाच्या कनिष्ठ पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. त्यासाठी दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला चालतो, त्यावर तिथल्या प्रधान न्यायिक अधिकाऱ्याची सही हवी. ही अट बरी की वाईट, यावर वाद होतील. पण नई सडकेवरच्या, जयेंद्रगंजातल्या लहान लहान ऑफिसांत कोणाला घेतलं जातं, यावर उद्या न्यायासनावर कोण बसेल हे ठरणार, एवढं नक्की. ज्याला कुणी ज्युनिअर म्हणूनच घेत नाही, त्यानं तीन वर्षं काढायची कुठे?

हा दरवाजा बंद असला की काय होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. बाबासाहेब आंबेडकर १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईला वकिली करू लागले, तेव्हा त्यांना काम द्यायला सॉलिसिटर पुढे येत नव्हते. एवढ्या विद्वत्तेच्या माणसाची ही गत. मे २०२५ मध्ये ग्वाल्हेर खंडपीठाच्या आवारात त्यांचा पुतळा बसवण्यावरून वकिलांतच दोन तट पडले, प्रकरण हातघाईवर गेलं. त्या वादात मी इथं शिरत नाही. दोन्ही तटांतल्या वकिलांना माझा एकच प्रश्न आहे: बाबासाहेबांच्या समाजातला मुलगा किंवा मुलगी तुमच्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून आहे का, आणि ती कोर्टात उभी राहते का?

तर करायचं काय? पहिली गोष्ट निवडीची. आमच्या भागात आडनाव ऐकलं की ‘कौन से वाले?’ हा प्रश्न ठेवलेलाच. तो विचारायचा नाही, मुन्शीजींनाही विचारू द्यायचा नाही. मी येईल त्याला एक जुनी, निकाल लागलेली फाइल देते, पक्षकारांची नावं झाकून. तासाभरात तारीखवार घटनाक्रम लिहून दे म्हणते आणि त्यातले तीन मुद्दे काढायला लावते. ज्याचं इंग्रजी अडखळतं पण ज्यानं विक्रीखत आणि फेरफार यांच्या तारखांतली विसंगती पकडली, तो माझ्या उपयोगाचा. अशा निवडीत सबलगढचा मुलगाही वर येतो आणि वकिलाचा मुलगाही; दोघांना आपण का आलो हे ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि इथं वकील मंडळी सर्वांत जास्त टाळाटाळ करतात. ‘आम्हीही सुरुवातीला फुकटच केलं’ हे मी असंख्य वेळा ऐकलं आहे. ज्याच्या वडिलांचं घर लष्करात आहे, त्याला फुकट शिकता येतं. भिंडहून, डबऱ्याहून आलेल्या मुलाला खोलीचं भाडं असतं, आणि मुलगी असेल तर ‘कमावत नाहीस तर लग्न कर’ हे घरून सुरू होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनिअरना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये किमान द्यावेत, अशी शिफारस केली. ती सक्ती नाही. लहान ऑफिसला एवढं जमत नसेल तर जमेल तो आकडा ठरवा, पण ठरवा, आणि दर महिन्याला त्याच तारखेला द्या. सणाला पाकीट देणं म्हणजे मानधन नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ च्या निकालात वकिलीच्या नोंदणीचं शुल्क कायद्यातल्या ७५० रुपयांवर, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर आणलं. त्याआधी बार कौन्सिलं हजारोंनी घेत होती. सनद स्वस्त झाली. पण सनद घेऊन तो मुलगा जिथं येणार, तिथं त्याला उपाशी ठेवलं तर त्या निकालाचा उपयोग काय?

आणि ऑफिसात घेतल्यावरची गोष्ट तर कुणी बघतच नाही. मुलगी आली की तिला कौटुंबिक प्रकरणं, दलित मुलगा आला की त्याला ॲट्रॉसिटीची, मुसलमान मुलाला त्याच्या मोहल्ल्यातले जामीन. माणूस घेतला, पण त्याला त्याच्या जातीच्या, धर्माच्या कोपऱ्यातच बसवला. त्या भिंडच्या बाईजवळ मी बसायला हवं होतं हे खरं. पण साहेबांकडच्या जमिनीच्या अपिलांतही मी बसायला हवं होतं. यावर मी एक वही ठेवते. तारीख, प्रकरण, मसुदा कुणी केला, कोर्टात कोण उभं राहिलं. महिनाअखेरीला ते पान सर्वांसमोर वाचायचं. कोण रोज नुसती पुढची तारीख घेऊन येतं आणि कोण युक्तिवाद करतं, हे लपत नाही.

ऑफिसच्या वेळेचंही बोलायला हवं. रात्री साडेदहापर्यंत बसणं हेच निष्ठेचं माप धरलं, की लेकराची आई आपोआप गळते. ग्वाल्हेरच्या एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांनी मुलीच्या बारावीच्या वर्षी झालेल्या बदलीनंतर २०१४ मध्ये राजीनामा दिला होता. तो स्वेच्छेनं दिलेला नव्हता असं ठरवून सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना पुन्हा सेवेत घ्यायला लावलं. न्यायाधीशपदावरच्या बाईची ही कथा. ज्युनिअर तर एक दिवस यायची बंद होते, तिची कुठे नोंदही राहत नाही. माझ्याकडे पक्षकारांच्या भेटी आठला संपतात. मसुदे घरून होतात. स्वच्छतागृह आहे, त्याला आतून कडी आहे. हे लिहायला लागतं, कारण कितीतरी ऑफिसांत ते नाही.

दृष्टिहीन मुलांबद्दल तर आपल्या मध्य प्रदेशनंच धडा घ्यायला हवा. इथल्या न्यायिक सेवेच्या नियमांत दृष्टिहीनांना बंदी होती. एका उमेदवाराच्या आईनं सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि ३ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. आता असा मुलगा तुमच्याकडे आला, तर कागद फोटो काढून पाठवू नका. संगणक वाचून दाखवू शकेल अशी प्रत द्या. जिना चढू न शकणाऱ्या पक्षकाराला खाली भेटा.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल एक गैरसमज आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समितीची सक्ती नाही, म्हणजे २०१३ चा कायदाच लागू नाही, असं वकीलसुद्धा बोलतात. तसं नाही. अशा ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता ऑफिसच्या भिंतीवर लावा.

यंदा तुमच्याकडे ज्युनिअरची जागा असेल, तर ओळखीत शब्द टाकण्याआधी लॉ कॉलेजच्या फलकावर नोटीस लावा, आणि मानधनाचा आकडा त्या नोटिशीतच लिहा.