पाण्याची वाट आणि गांवाची घडण

एखादें गांव हिरवेंगार कां व त्याच्या शेजारचेंच गांव उजाड कां, असें विचारिलें असतां बहुतेक लोक जमिनीचा पोत व पर्जन्यमान यांकडे बोट दाखवितात. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु अपुरें आहे. भूगोलाच्या पुस्तकांत नदी, डोंगर व माती यांचें वर्णन असतें. पाणी प्रथम कोणाच्या शेतांत जावें हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, याचें वर्णन क्वचितच आढळतें. वस्तुतः गांवाचा नकाशा निसर्ग अर्धाच काढतो. उरलेला अर्धा हा अधिकार काढतो. नीरा नदीच्या खोऱ्यावरून हा पाठ वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कालव्याचा हेतु

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरीं दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस बारामती-इंदापुराकडे तो सुमारें वीस इंचांवर येतो, आणि तोही बेभरंवशाचा. १८७६ ते १८७८ या सालांच्या दुष्काळानें या मुलुखाची दैना केली. त्यानंतर भाटघर येथें धरण बांधून व वीर येथील बंधाऱ्यापासून डावा कालवा काढून १८८५ सालीं नीरेचें पाणी या तालुक्यांस मिळूं लागलें. हेतु असा कीं, पावसानें दगा दिला तरी ज्वारी-बाजरीचें पीक वांचावें व रयत तगावी.

प्रत्यक्ष परिणाम

प्रारंभीं शेतकरी केवळ अवर्षणाच्या सालीं पाणी मागत. तेवढ्या पाणीपट्टीवर कालव्याचा खर्च निघेना, म्हणून नगदी पिकास उत्तेजन मिळालें व ऊंस वाढला. ऊंस म्हणजे वर्ष-दीड वर्ष पाणी, भरपूर खत व हातीं खेळतें भांडवल. ज्याच्यापाशीं हें नव्हतें, त्याच्या बांधावरून पाट गेला तरी त्याचा लाभ त्यास पुरा घेतां आला नाहीं. सासवडकडील कसबी माळी बागाईतदार खालीं उतरले, त्यांनीं कालव्यावरील जमिनी खंडानें घेतल्या व उंसाचे मळे उठविले. त्यांच्या कष्टांविषयीं व कौशल्याविषयीं दुमत नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत माळीनगरचा साखर कारखाना याच समाजाच्या उद्योगांतून उभा राहिला. परंतु एक एकर उंसास जें पाणी लागतें, त्यांत निदान सहा-आठ एकर भुसार पिकूं शकतें, हेंही विसरतां येत नाहीं. कालव्याच्या मुखाजवळ ऊंस उभा राहिला कीं, ज्यास शेतकरी ‘टेल’ म्हणतात त्या शेवटच्या चारीवर पाळी उशिरा येते; कधीं येतही नाहीं.

अतिपाण्यानें सुखही झालें नाहीं. निचऱ्याची सोय नसलेल्या काळ्या जमिनींत क्षार वर आले व चांगल्या जमिनी खारवट झाल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे मुख्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं १९१० च्या सुमारास या जमिनींचा अभ्यास केला. तत्पूर्वीं श्री. विश्वेश्वरय्या यांनीं ‘ब्लॉक’ पद्धति सुचविली होती. तींत ठराविक क्षेत्रापैकीं सुमारें तिसऱ्या हिश्शांतच ऊंस घ्यावयाचा व पाणी अधिक गांवांत पसरावयाचें, असा बेत होता. तथापि उंसाचा ब्लॉक चालविण्यासही भांडवल लागेच. म्हणजे एकाच कालव्यावर कोठें मळे, कोठें चोपण व कोठें कोरडी चारी दिसते, तिचें कारण केवळ मातींत नाहीं.

पिण्याचें पाणी

हाच न्याय गांवठाणांतही दिसतो. पूर्वीं ज्यांच्या वस्त्या गांवाबाहेर ठेविल्या, त्यांस गांवच्या विहिरीवर हात लावण्याची मनाई होती. महाडचा चवदार तळ्याचा दाखला नीरेच्या खोऱ्याबाहेरचा, पण बोधप्रद आहे. १९२३ सालीं कायदे कौन्सिलानें सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला. १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनें तो मान्य केला. तरी पाणी घेण्यास २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांस हजारों लोकांसह तेथें जावें लागलें, आणि हायकोर्टाचा अनुकूल निकाल १९३७ सालीं मिळाला. कागदावरील हक्क व पाणवठ्यावरील हक्क यांत इतकें अंतर पडूं शकतें.

नियम बदलला तर

ज्या पुरंदर तालुक्यांतून बागाईतदार खालीं उतरले, तेथील माळावर १९७२ च्या दुष्काळानंतर निराळा प्रयोग झाला. श्री. विलासराव साळुंखे यांनीं नायगांव येथें देवस्थानची सुमारें चाळीस एकर जमीन घेऊन पावसाचें पाणी अडविलें, आणि त्यांतून ‘पाणी पंचायत’ निघाली. तिचे मुख्य नियम असे:

१. पाणी जमिनीच्या मापानें नव्हे, माणसांच्या संख्येनें द्यावें. माणशीं अर्धा एकर व कुटुंबास फार तर अडीच एकर.
२. भूमिहीनासही पाण्याचा वांटा असावा.
३. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाऊं नये.
४. उंसासारखें पीक घेऊं नये.
५. योजनेच्या खर्चांत सभासदांनीं आपला हिस्सा घालावा.

पाऊस तोच, माती तीच. परंतु जिराईत माळावर पिकें उभीं राहिलीं व कामासाठीं शहरांत गेलेलीं कांहीं कुटुंबें परतलीं. पुढें विजेचा खर्च व आपसांतील तंटे यांमुळें कित्येक योजना मागें पडल्या, हें खरें. म्हणून नियमाबरोबर त्याची नित्य राखणही हवी.

आपणांस काय करतां येईल

सन २००५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांस पाणी मोजून देण्याची व आपसांत वांटण्याची तरतूद केली आहे. संस्था झाली तरी आंतील वांटणी कोणाच्या सोयीनें होते, हा प्रश्न उरतोच. म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गांवच्या सभासदांनीं गांवनकाशाची एक प्रत घेऊन तींवर चार गोष्टी मांडाव्या: कोणत्या चारीस पाणी पहिल्यानें व कोणत्या चारीस शेवटीं पोंचतें, विहिरी व विंधणविहिरी कोणाच्या आहेत, उन्हाळ्यांत कोणत्या वस्तीस पाणी लांबून आणावें लागतें, आणि भूमिहीन व विधवा यांचीं घरें कोठें आहेत. या खुणा एकमेकींवर कशा पडतात तें पाहावें, व तो नकाशा पाळ्या ठरविण्याच्या सभेंत भिंतीवर लावावा. शेवटच्या चारीचा शेतकरी त्या सभेंत बसला आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. तो नसेल तर त्यास बोलावून आणल्यावांचून पाळ्या ठरवूं नयेत.