ब्रीची सराई

फँटसी म्हटलं की आपण ड्रॅगन, जादूगार आणि तलवारींवर रात्र रात्र बोलतो. पण कथा खरी हलते ती बऱ्याचदा एखाद्या साध्या सराईत. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या भागातली (१९५४) 'प्रान्सिंग पोनी' घ्या. २००१ च्या सिनेमात ती नुसती अंधारी आणि भीतीदायक दिसते. पुस्तकातली निराळी आहे, म्हणून हा लेख.

ब्री हे गाव दोन जुन्या हमरस्त्यांच्या चौफुलीजवळ आहे. त्यातला उत्तर-दक्षिण रस्ता इतका ओस पडलाय की गवत माजून त्याचं नावच 'ग्रीनवे' झालंय. सराई तीन मजली. मागचा भाग टेकडी खोदून बसवलेला, त्यामुळे तिथे वरच्या मजल्याच्या खिडक्या थेट जमिनीलगत येतात (सिव्हिलवाल्यांनी सेक्शन काढून बघावा!). बुटक्या हॉबिट पाहुण्यांसाठी तळमजल्यावर गोल खिडक्यांच्या वेगळ्या खोल्या आहेत, कारण ब्रीमध्ये माणसं आणि हॉबिट शेजारी-शेजारी नांदतात.

मोठ्या दालनात गावकरी, प्रवासी बुटके, दक्षिणेकडून आलेले परके लोक, सगळे एकत्र बसतात. गुप्त अंगठी घेऊन निघालेला फ्रोडो 'अंडरहिल' हे खोटं नाव सांगतो, तर तिथे खरेच अंडरहिल निघतात आणि हा आपलाच लांबचा भाऊ असं धरून चालतात! आपल्याकडे एस.टी.त "तुम्ही कुठले?" सुरू होतं ना, अगदी तसं. कशासाठी आलात, याला तो म्हणतो, पुस्तक लिहितोय. लगेच जो तो माहिती पुरवायला लागतो.

माझ्या मते टॉल्किनची खरी हुशारी इथे आहे. जिथे सगळ्यांना दार उघडं, तिथे शत्रूचा माणूसही येणारच. फ्रोडो टेबलावर चढून गाणं म्हणतो, पडतो, अंगठी बोटात जाते आणि तो भर दालनात गायब होतो. ते पाहणाऱ्यांत बिल फर्नी असतो. त्याच रात्री हॉबिटांच्या खोल्यांवर हल्ला होतो आणि त्यांच्या जागी ठेवलेल्या उशा-लोड फाडले जातात. पण त्यांना वाचवणारा स्ट्रायडरही त्याच दालनात, कोपऱ्यात बसलेला असतो.

आणि मालक बटरबर? मनाने सोन्यासारखा, पण विसराळू. गँडाल्फने फ्रोडोला पाठवायला दिलेलं तातडीचं पत्र त्याच्याकडे तीन महिने पडून राहतं. बातम्यांच्या एवढ्या मोठ्या जंक्शनवर नेमका एवढाच निरोप अडकतो! तरीही चोरीला गेलेल्या तट्टांचे पैसे तो स्वतःच्या खिशातून भरतो. म्हणून त्याचा राग येत नाही.

तिसऱ्या भागात युद्ध संपवून मंडळी परततात, तेव्हा गावाच्या वेशीला कुलूप असतं. मारामारीत पाच जण गेलेत. बाहेरून कोणी येत नाही आणि गावातले लोक दारं लावून घरात बसतात, असं बटरबर सांगतो. दालन जवळजवळ रिकामं. लढाईच्या वर्णनांपेक्षा मला युद्ध इथे जास्त कळलं.

पण दुसऱ्या दिवशी बातमी पसरते. संध्याकाळी दालन पुन्हा गच्च भरतं, आणि लोक फ्रोडोला विचारतात, काय हो, ते पुस्तक लिहून झालं का?