अवधान आणि अभ्यास

इंद्रियांपुढे विषय आला की त्याचे ज्ञान होतेच, असा सामान्य समज आहे. परंतु तो यथार्थ नाही. ज्ञानासाठी इंद्रियाशी मनाचाही संयोग व्हावा लागतो. न्यायदर्शनाने मन अणुपरिमाण मानून, एकाच क्षणी अनेक ज्ञाने न उपजणे हीच मनाची खूण सांगितली. मन अन्यत्र असता समोरचेही दिसत नाही, असे बृहदारण्यकोपनिषदाचे प्रतिपादन आहे. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चित्रफितीतील चेंडूफेकी मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्यांना खेळाडूंमधून चालत गेलेली गोरिलावेषधारी व्यक्ती दिसलीच नाही.

शंका : ज्ञानास अवधान लागते, तर नित्याची कर्मे अवधानावाचून कशी घडतात?

समाधान : अभ्यासाने घडतात. सकळ लिपी शिकणाऱ्यास प्रथम प्रत्येक अक्षराचा संकेत आठवावा लागतो; पुढे पोथी सरळ वाचता येते. हा अभ्यास घटनेच्या स्मृतीहून भिन्न आहे. १९५३ साली हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि नवीन घटना लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती गेली. ब्रेंडा मिल्नर या विदुषींनी त्यास आरशात पाहून तारा गिरविण्यास दिला. तीन दिवसांत त्याचा हात सुधारला. मात्र हे आपण पूर्वी केले आहे, याची त्यास आठवण नव्हती. कर्ता विसरला, पण हात शिकला.

शंका : मग जिव्हा नाम घेते आणि मन प्रपंचात फिरते, त्यास स्मरण म्हणावे काय?

समाधान : तो केवळ जिव्हेचा अभ्यास होय. स्मरणात नामासह लीळा, मूर्ती व चेष्टा यांचे चिंतन अभिप्रेत आहे, आणि चिंतन मनावाचून होत नाही. तथापि अभ्यास त्याज्य नव्हे. जिव्हा आपोआप चालू लागली की मन मोकळे होते. ते मोकळे मन कोठे जाते, यावरच साधकाची हानी किंवा लाभ अवलंबून आहे. त्यास विषय न दिला तर ते प्रपंचच धुंडाळते; म्हणून स्मरणास बसताना एक लीळा निश्चित करावी. ती कोणत्या स्थानी घडली, कोण सन्निध होते, कोणी काय विचारले, हे क्रमाने आठवावे. मन सुटल्याचे ध्यानी येताच खेद करीत न बसता त्यास त्याच लीळेवर आणावे. सुटलेले मन ओळखणे हेही अवधानच होय.

जिव्हेस अभ्यास द्यावा, मनास लीळा द्यावी. तेव्हा विधी केवळ उरकला जात नाही, आचरला जातो.