पांढऱ्या वाइनची चव आणि बागायतदाराचा करार

निफाड, दिंडोरी व नाशिक या तालुक्यांतील बागायतदारांपुढें एक प्रश्न वारंवार येतो. जुनी बाग मोडावयास आली असतां तिच्या जागीं वाइनच्या जाती लावाव्या कीं नाहीं? याचें उत्तर बांधावर बसून मिळणारें नाहीं. ज्या मालासाठीं हीं द्राक्षें पिकवावयाचीं, तो माल काय आहे हें आधीं नाकानें व जिभेनें ओळखलें पाहिजे, आणि मग करारपत्र हातीं घेतलें पाहिजे. याच हेतूनें गेल्या फेब्रुवारींत आम्ही अकरा सभासद दिंडोरी तालुक्यांतील एका वाइनरीस भेट देऊन आलों. हा लेख शिकण्यासाठीं आहे, जाहिरातीसाठीं नव्हे. म्हणून त्या वाइनरीचें नांव येथें दिलेलें नाहीं.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. महाराष्ट्रांत हा उद्योग १९८० नंतरच्या दशकांत नारायणगांव येथें नांवारूपास आला. नाशिकजवळ राजीव सामंत यांनीं १९९७ सालीं सोव्हिन्यों ब्लां व शेनिन ब्लां या पांढऱ्या जाती लाविल्या आणि २००० सालीं त्यांच्या 'सुला'ची पहिली वाइन बाजारांत आली. या दोन्ही जाती मूळ फ्रान्स देशांतील. पुढें २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. विंचूर व पलूस येथें या उद्योगासाठीं स्वतंत्र वसाहती आंखल्या गेल्या, आणि शेतकऱ्यांनीं वाइनच्या जाती झपाट्यानें लाविल्या.

रसाची वाइन कशी होते

पहांटेच्या गारव्यांत तोडलेले घड क्रेटांतून येतात. काट्यावर वजन झालें कीं प्रत्येक गाडींतील नमुना काढून त्याचे ब्रिक्स, आम्लता व पी. एच. पाहतात. तांबड्या वाइनसाठीं साल रसाबरोबर आंबवितात. पांढरीसाठीं मात्र मणी फोडून यंत्रांत हलकेच दाबतात व नुसता रस टाकींत घेतात. तो थंड करून निवळूं देतात आणि वरचा स्वच्छ रस दुसऱ्या टाकींत घेऊन त्यांत यीस्ट सोडतात. टाक्या स्टीलच्या असून त्यांच्या दुहेरी भिंतींतून थंड द्रव खेळविलेला असतो. रसाचें उष्णतामान साधारणपणें १२ ते १८ अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान राखतात. तें वाढलें तर सुवास उडून जातो.

येथें थोडा हिशेब ध्यानांत ठेवावा. एक लिटर रसांतील सुमारें १७ ग्रॅम साखर आंबली म्हणजे वाइनमध्यें एक टक्का मद्यार्क उतरतो. २२ ब्रिक्सच्या आसपासच्या रसांत लिटरमागें सुमारें २२० ग्रॅम साखर असते. ती सर्व आंबली तर वाइन सुमारें १३ टक्क्यांची होते. एक टन द्राक्षांपासून सुमारें ६०० ते ७०० लिटर वाइन मिळते. यावरून वाइनरीचा मनुष्य ब्रिक्समापक घेऊन बागेंत पुनः पुनः कां येतो, हें कोणासही समजेल.

चाखण्याची रीत

पेला दांडीस धरावा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाहीं. प्रथम उजेडांत रंग पाहावा. मग पेला हलकेच फिरवून वास घ्यावा. नंतर एक लहान घोट तोंडांत घोळवून गोडी, आंबटपणा व मागें राहणारी चव ओळखावी आणि तो घोट शेजारच्या भांड्यांत टाकून द्यावा. चाखणें म्हणजे पिणें नव्हे. आमच्यांतील तिघे माळकरी होते. त्यांनीं नुसता वास घेतला, आणि अर्धा धडा तेवढ्यानेंही झाला. गाडी चालविणारानेंही वासावरच थांबावें.

चार पेल्यांनीं शिकविलेलें

पहिला पेला सोव्हिन्यों ब्लांचा. रंग फिका, किंचित् हिरवट. वास हिरव्या ढोबळी मिरचीचा, कापलेल्या गवताचा व मागून पेरूचा. चव चरचरीत आंबट. ढोबळी मिरचींत जें वासाचें द्रव्य असतें, तेंच या जातीच्या मण्यांतही असतें. मणी पिकत जाईल आणि घडांवर ऊन पडेल तसतसें तें कमी होतें. अर्थात् घडांजवळचीं पानें किती काढावीं व तोड कोणत्या दिवशीं करावी, याचा निकाल थेट पेल्यांत दिसतो. उन्हाच्या तापानें मण्यांतील मॅलिक आम्ल झपाट्यानें घटतें. साखर वाढावी म्हणून तोड फार लांबविली आणि मार्चचें ऊन तापलें, तर साखर मिळते पण आम्ल जातें, व वाइन बेचव होते.

दुसरा व तिसरा पेला शेनिन ब्लांचे होते, आणि आमच्या दृष्टीनें तेच सर्वांत मोलाचे ठरले. दोन्ही एकाच रीतीनें केलेले, परंतु निरनिराळ्या दोन बागांचे. पहिल्या बागेंत घड मोजके ठेविले होते. त्या पेल्यांत सफरचंद व अननस यांचा वास स्पष्ट होता व चव जिभेवर टिकत होती. दुसऱ्या बागेनें वेलींवर भारी माल धरला होता. तो पेला पाणचट लागला. खाण्याच्या द्राक्षांचें एकरीं १० टन व त्याहून अधिक पीक घेण्याची आपणांस संवय आहे. वाइनच्या बागेंत एकरीं सुमारें ४ ते ६ टनांवर थांबावें लागतें. आमच्यांतील एका बागायतदारांनीं मला विचारलें, "भाऊसाहेब, हा दुसरा पेला माझ्या बागेचा असता, तर मला भाव काय मिळाला असता?" मीं तोच प्रश्न तेथील तंत्रज्ञांस केला. ते म्हणाले, "करारांत लिहिलें असेल तो." हें उत्तर प्रत्येकानें लक्षांत ठेवावें.

चौथा पेला उशिरां तोडलेल्या शेनिनचा, गोड. यासाठीं घड वेलीवर अधिक दिवस ठेवून साखर बरीच वाढूं देतात आणि आंबण्याची क्रिया थंडीनें मध्येंच थांबवितात, म्हणून गोडी शिल्लक राहते. चव उत्तम, परंतु मणी सुकतात तसें वजन घटतें, आणि तें वजन शेतकऱ्याचें असतें. किलोचा भाव त्या मानानें वाढवून लिहून घेतला नसेल, तर ही गोडी शेतकऱ्यास कडू लागेल.

याखेरीज एक बिघडलेला नमुनाही आम्हांस मुद्दाम दाखविण्यांत आला. त्यास सडक्या अंड्याचा वास येत होता. भुरीवर मारलेल्या गंधकाचा अंश तोडीपर्यंत मण्यांवर राहिला, तर आंबतांना असा वास उत्पन्न होऊं शकतो. म्हणून शेवटची फवारणी व तोड यांमध्यें सांगितलेलें अंतर कसोशीनें पाळावें आणि फवारणीची वही ठेवावी.

एकच दार

वाइनच्या बागेचे फायदे आहेत, ते नाकबूल करण्याचें कारण नाहीं. मणी मोठा करण्यासाठीं जिबरेलिक आम्लांत घड बुडविण्याचें काम नाहीं, मण्यांची विरळणी नाहीं, खोक्यांतील नाजूक भरणी नाहीं. मजुरी वांचते. परंतु एक गोष्ट या सर्वांहून मोठी आहे. थॉमसनच्या बागेस तीन दारें असतात: देशांतील बाजार, परदेशची निर्यात, आणि दोन्ही बंद झालीं तर बेदाणा. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान व बियांचा. तो गिऱ्हाईक खात नाहीं आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाहीं. त्यास एकच दार, वाइनरीचें.

तें दार बंद झालें म्हणजे काय होतें, हें या जिल्ह्यानें पाहिलें आहे. २००८ सालीं जगभर मंदी आली आणि त्याच वर्षीं २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. हॉटेलांतील व प्रवाशांतील खप घटला. वाइनऱ्यांत माल तुंबला. कित्येक ठिकाणीं द्राक्षें उचललीं गेलीं नाहींत, कित्येकांचे पैसे थकले. अनेक बागायतदारांनीं त्यानंतर वाइनच्या बागा उपटून पुन्हा खाण्याच्या जाती लाविल्या. त्यांची शेती वाईट नव्हती. त्यांच्या हातांतील कागद अपुरा होता.

करारांत काय असावें

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. तोंडी शब्द पुढें कोणासही आठवत नाहींत, हा त्या दप्तराचा पहिला धडा होय. खुंट लावल्यापासून पहिलें पीक हातीं येण्यास सुमारें दोन वर्षें लागतात आणि बाग पंधरा वर्षें जगावयाची असते. म्हणून काडी आणण्यापूर्वीं पुढील बाबी लेखी असाव्यात:

१. जात, क्षेत्र, व दर एकरीं किती टनांपर्यंतचा माल घेण्यास वाइनरी बांधलेली आहे.

२. कराराची मुदत. एका हंगामाच्या करारावर पंधरा वर्षांची बाग उभी करूं नये.

३. ब्रिक्स व आम्लता यांच्या मर्यादा, आणि मर्यादेबाहेर प्रत्येक टप्प्यास भाव किती कमी-जास्त होईल तें.

४. नमुना व वजन शेतकऱ्यासमक्ष घ्यावें व त्याची सहीची पावती त्याच दिवशीं द्यावी.

५. तोडीचा दिवस वाइनरी ठरवील, तर तिनें लांबविलेल्या दिवसांतील वजनाची घट, पाऊस व कूज यांची जबाबदारी कोणाची.

६. पैसे किती दिवसांत मिळतील व उशीर झाल्यास व्याज काय.

७. वाइनरीनें माल न उचलल्यास भरपाई किती.

यांतील पांचवी व सातवी कलमें बहुधा कोणी आपण होऊन घालीत नाहीं. तीं मागून घ्यावीं लागतात. एकट्या बागायतदाराच्या मागणीस वजन कमी असतें. एका शिवारांतील आठ-दहा जणांनीं मिळून एकच मसुदा पुढें ठेविला, तर वाइनरीलाही तो वाचावा लागतो, कारण तिलाही दर हंगामीं एकसारखा माल हवाच असतो.

ज्या सभासदांचा या वर्षीं वाइनच्या जाती लावण्याचा विचार असेल, त्यांनीं प्रथम हंगामांत एखाद्या वाइनरीस जाऊन हे पेले स्वतः पारखावेत, माती व पाण्याची तपासणी करून योग्य खुंट निवडावा, आणि मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. त्यानंतर करारपत्राचा मसुदा घरीं आणून जाणत्याकडून शब्दन् शब्द वाचून घ्यावा. सही सर्वांत शेवटीं करावी. आणि वरील सात बाबींपैकीं एकही कोरी असेल, तर त्या वर्षीं काडी लावूं नये.